दाढी न झालेला जोड

अण्णा, तुमच्या गाडी दुरुस्तीच्या दुकानातला शेवटचा डबा गेला. तोच, द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या बागाईतदाराच्या मुलाने त्याच्या लाल, दोन दरवाजांच्या जपानी स्पोर्ट्स कारसाठी बाहेरून मागवलेला. कागदावर त्याचं नाव हाय-फ्लो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असं लांबलचक होतं. तुम्ही पहिल्या दिवसापासून त्याला डबाच म्हणालात. मला मात्र तुम्ही तो उजेडाकडे धरून आतून दाखवला होता. मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर डोळ्याला दिसणारही नाही असा महागड्या धातूंचा लेप, आणि इंजिनातून आलेला विषारी वायू त्या जाळीतून जाताना बराचसा निरुपद्रवी होतो. नेहमीच्या डब्यापेक्षा याची जाळी मोकळी, म्हणजे इंजिनाला श्वास सोडायला सोपं, असं तुम्ही सांगितलंत. तेव्हा नाशकात शिसं नसलेलं पेट्रोल मिळत नव्हतं आणि शिशाने ही जाळी मरते. मुलगा मुंबईहून कॅन भरून आणायचा. त्याला लवकरच कंटाळा आला. त्याने तुम्हाला डबा कापून काढायला लावला, साधी नळी जोडून घेतली, आणि डबा 'राहू द्या तुमच्याकडेच' म्हणून सोडून गेला. त्या दिवशी मी गाडीत बसले होते. गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर फाटलेलं होतं आणि त्यातून खालचा रस्ता दिसत होता. ते तेवढं माझ्या लक्षात राहिलं.

त्या विषारी वायूची, कार्बन मोनॉक्साइडची, भीती मला तुम्ही घातलीत. मी शाळेत होते, हिवाळ्यातली सकाळ होती, सातपूरच्या वळणावर वारा सरळ दुकानात शिरत होता. आत एका फियाटचं इंजिन चालू होतं आणि तुम्ही बॉनेटमध्ये वाकलेले होतात. मी शहाणपणा करून शटर अर्ध्यावर ओढलं. तुम्ही वळलात, मला दंडाला धरून फरफटत रस्त्यापलीकडे नेलंत आणि चहाच्या टपरीसमोर सगळ्यांच्या देखत ओरडलात, "शटर खाली घ्यायला कुणी सांगितलं तुला? कुणी सांगितलं?" दंडावर तुमच्या बोटांचं ग्रीस किती दिवस होतं कोण जाणे, मी ते मुद्दाम धुतलं नाही. बरेच दिवस तुमच्याशी बोलले नाही. मग एका संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती आणि तुम्ही ओट्याला टेकून, माझ्याकडे न बघता, आईला सांगितल्यासारखं सांगितलंत: धुरातल्या बाकी सगळ्या गोष्टींना वास आहे, या वायूला नाही. डोकं जड होतं, झोप येते, माणसाला वाटतं दमलो असेन. "डोकं दुखलं की गोळी नाही, चहा नाही. आधी बाहेर." आज मी अंबडच्या कारखान्यात याच वायूची मोजणी करते. वायू वाढला की वाजणारा भोंगा भिंतीवर लावलेला आहे. तरी डोकं दुखलं की मी आधी दाराकडे बघते.

आणि दाढी. नवीन आलेल्या गिऱ्हाइकाला तुमचं ते बोलणं कळायचंच नाही. धुराच्या नळीला वेल्डिंगचा जोड लागला की तुम्ही म्हणायचात, "चला, याची दाढी करू." मग तो जुना ब्रश, कडा उडालेला कप, साबणाचा फेस. नळीचं मागचं तोंड ओल्या गोणपाटाने दाबून धरायचं, गार इंजिन चालू करायचं आणि जोडाला फेस फासायचा. कुठे सूक्ष्म भोक असेल तर तिथे फेस फुगतो. दाढी झाल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर गेलेली मी पाहिली नाही. मी पॉलिटेक्निकला गेले तेव्हा तुम्ही मला पेन किंवा घड्याळ दिलं नाहीत. तो ब्रश दिलात, स्वतःला नवा आणलात, आणि म्हणालात की यंत्रं शिकवतील ते शीक, पण हा ठेव.

तुमच्या शेवटच्या वर्षी बागाईतदाराच्या मुलाचा निरोप आला की गाडी विकायची आहे, डबा परत बसवायचा, नळीला जोडायची नवीन चकती, म्हणजे फ्लँज, लावून तयार ठेवा. तोवर तुमचा उजवा हात थरथरायला लागला होता. घरी तुमची दाढी मी करत होते. दुकानात मात्र काम दुसऱ्याला द्यायला तुम्ही तयार नव्हतात. शेजारच्या शेडमधून आर्गन वेल्डिंगचा संच आणलात आणि डबा बाकाला शिकंज्यात धरून तुम्ही स्वतः तो जोड केलात. मी फेस तयार करून कप हातात धरून उभी होते. तुम्ही तोंडावरची वेल्डिंगची काच वर केलीत, जोडाकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "राहू दे." तेवढंच. डबा फळीवर गेला. मुलाने गाडी तशीच विकून टाकली, डबा न्यायला कुणी आलं नाही, आणि तुम्हीही गेलात. त्या जोडातून कधीच धूर गेला नव्हता, म्हणून मी त्याचा विचार न करता इतकी वर्षं राहू शकले.

यंदा दुकान भाड्याने द्यायचं ठरलं आणि मखमलाबादच्या काकांनी ते रिकामं करायला घेतलं. शिसं नसलेलं पेट्रोल आता सगळीकडे मिळतं, आणि ती लाल गाडी हातोहात फिरत गंगापूर रोडच्या एका तरुण माणसाकडे आली होती. त्याला कुणीतरी सांगितलं की हिचा डबा सातपूरला पडून आहे. विकायला माझी ना नव्हती. मी काकांना एवढंच म्हटलं होतं की देण्याआधी मला एकदा बघू द्या. काकांनी ते ऐकलं नसावं, किंवा बायकांचं बोलणं म्हणून सोडून दिलं असावं. त्या सकाळी ते फूलबाजारातून परतताना चहाला आले आणि बशीत चहा ओतता ओतता सहज म्हणाले, "डबा दिला बरं का. पोरगं लय खूश. कालच बसवूनबी घेतला त्यानं."

"काका, मी बघणार होते."

"काय बघायचं त्यात, इंजिनेर बाई? अण्णाच्या हातचा हाय तो. आता निघालं असंल ते, बायको-लेकरू घेऊन मुंबईला."

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. मला तो घाट दिसत होता. कसाऱ्याला ट्रक बंद पडलेला, गाड्या जागच्या जागी, काचा वर, एसी चालू, इंजिन चालू. जोड डब्याच्या आधी, इंजिनाच्या बाजूला आहे. तिथून गळेल तो जाळीतून न गेलेला वायू, आणि वर गिअरभोवतीचं फाटकं रबर. मूल लहान असेल तर ते आधी झोपेल आणि आई म्हणेल, बरं झालं झोपला. त्या माणसाचा फोन नंबर काकांकडे नव्हता, फक्त इमारत माहीत होती. मी ब्रश आणि कप घेतला. आई म्हणाली, "अंगाचा साबण नेऊ नकोस, नवाय तो. भांड्याचा ने." तिने कुठे, का, काही विचारलं नाही.

काकांच्या फुलांच्या टेम्पोत झेंडूचा वास होता. कॉलेज रोडच्या सिग्नलपर्यंत मी काकांना सगळं सांगितलं, तुमच्या 'राहू दे'सकट. काका समोर बघत म्हणाले, "म्हणजे माझ्या भावाचा हात कच्चा होता, असं म्हणायचंय तुला?"

"शेवटच्या वर्षी होता."

"आन् हे तू परक्या माणसाला जाऊन सांगणार? गेलेल्या माणसाबद्दल?"

मला दोन्हीची भीती वाटत होती, अण्णा. गाडी निघून गेलेली असण्याची, आणि ती तिथेच असण्याची.

ती तिथेच होती. इमारत खांबांवर उभी, खालची जागा चारी बाजूंनी मोकळी, हे मी आधी पाहिलं. डिकीत बॅगा भरलेल्या. बायको पुढच्या सीटवर, मांडीवर टोपी घातलेलं बाळ, डास येतात म्हणून काचा बंद. तो तरुण किल्ली हातात घेऊन बाहेर फोनवर बोलत होता. मी म्हटलं, "चालू करू नका. आधी बाळाला बाहेर घ्या." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी कोण ते काकांनी सांगितलं.

"मॅडम, काल अख्खा गंगापूर रोड फिरवून आणली. मस्त पळते."

"काचा उघड्या होत्या?"

"होत्या. का?"

"नंतर डोकं दुखलं?"

तो हसला. "डोकं तर रोजच दुखतं."

"आता माझं नाव घेतील," बायको म्हणाली, पण ती बाहेर आली होती आणि बाळाला घेऊन पार जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. मी सांगितलं की हा जोड तपासायचा राहिला आहे, तपासल्याशिवाय मी तो विकलेला धरत नाही. त्याने घड्याळ बघितलं. तो कुरकुरला, पण बायकोने तिथूनच म्हटलं, "बघू दे ना त्यांना. घाट पळून जात नाही." काकांनी टेम्पोतला जॅक आणि लाकडी ठोकळे आणले. गाडी उचलून ठोकळ्यांवर घेतली, मी ती हलवून पाहिली, चाकांना विटा लावल्या. काका मागे ओलं गोणपाट घेऊन बसले. मी पाठीवर सरकत खाली गेले. डबा माझ्या तोंडावर होता. एका कोपऱ्यात झेंडूची पाकळी चिकटलेली होती. तुमची शिवण वरच्या अंगाला इतकी सरळ होती की मला वाटलं, मी उगाच आले. मी फेस फासला आणि सांगितलं, "चालू करा."

इंजिनाचा थरथराट छातीत उतरला. काकांनी गोणपाट दाबलं. खाली पडल्या पडल्या मी श्वास मोजून घेत होते, कारण गळती असेल तर ती माझ्याच तोंडाशी होती. मग शिवणीच्या खालच्या अंगाला, जिथे तिचा शेवट सुरुवातीला येऊन मिळतो, तिथे फेस फुगला. बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. मी ओरडले, "बंद करा."

बाहेर आले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. तो म्हणाला, "काय निघालं? वेल्डिंगच खराब का?" मी कपडे झटकले. कारखान्यात मी जे दिसतं तेच लिहिते. तिथे मी म्हणाले, "जोडाला तडा आहे. आणताना टेम्पोत आपटला असणार."

काकांच्या टेम्पोत गुलाबाची पाकळी दुमडत नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. त्यांनी गोणपाट पिळलं, दोनदा घडी घातली. "हां," ते म्हणाले. "माझ्याच्यानंच आपटला. खड्डा लय मोठा होता."

"काका, तुम्हीपण ना," तो म्हणाला, आणि बायकोला म्हणाला, "चल, बसनं जाऊ." तिने बाळाची टोपी सारखी केली आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं. तिला किती कळलं होतं ते मी विचारलं नाही.

परतताना काकांनी कॉलेज रोडचा सिग्नल ओलांडला. मग त्यांनी विचारलं, "कुठं होतं?"

"खाली. शेवट येऊन मिळतो तिथे."

"तिथं वाकून करावं लागत असंल."

"हो."

"त्याला वाकवत नव्हतं तवा," काका म्हणाले, आणि गिअर बदलला.

नंतर मी तो डबा काढून आणला, अंबडच्या चांगल्या वेल्डरकडून तुमची शिवण घासून नवी घालून घेतली, समोर उभं राहून दाढी केली, आणि मगच तो त्या माणसाला दिला. गाडीतलं रबरही बदलायला लावलं. आता व्यवहार पूर्ण झाला आहे. आई विचारते तेव्हा मी म्हणते, अण्णांचा डबा चांगल्या घरी गेला. काका कुणाकडे तो विषय काढत नाहीत.

पण एक गोष्ट त्या दिवशी गाडीखाली झाली, ती वर उभ्या असलेल्या कुणालाही दिसणं शक्य नव्हतं, आणि हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून इथे लिहिते. पहिला बुडबुडा आला तेव्हा मी ओरडले नाही. मी तो अंगठ्याने पुसला. अंगठा तिथेच दाबून धरला, आणि फेस सगळीकडे सपाट, तुमच्या हातचा वाटावा असा दिसायला लागला. वरून त्याने विचारलं, "झालं का, मॅडम? ठीक आहे ना?" आणि जिन्यापाशी बाळ खोकलं नसतं तर मी काय उत्तर दिलं असतं, ते मला अजून माहीत नाही.