आणखी एक हमाल

आबा,

हे तुम्हाला आणि धुळ्याच्या आपल्या पाथरवट आळीला. तुम्ही सगळ्यांनी जन्मभर दुसऱ्यांची नावं दगडात कोरली, तुमचं मात्र कुठल्याच दगडावर नाही. हे दुःख मी किती सभांत मांडलं आणि टाळ्या घेतल्या. आता माझ्याच हातून तेच झालंय. आठ दिवस एका जागी बसवत नाही.

जळगावच्या स्टेशनसमोर आम्ही स्मारक उभारलं. केळी भरलेल्या रेल्वेच्या वाघिणींबरोबर उत्तरेला गेलेली आपली पाच माणसं तिकडच्या फलाटावर कुणीतरी ठेवलेल्या बॉम्बने मेली, त्यांचं. मजकूर माझा. चार नावं मिळाली. पाचवा शिंदखेड्याकडचा, हमालांच्या यादीत मुकादमाचं नाव आणि त्याखाली नुसतं 'टोळीतला एक'. आमच्या स्मारक समितीचा माणूस त्याच्या गावी जाऊन आला. त्या वेळी घरात एकटी बायको होती, तिने पदर पुढे ओढला आणि नवऱ्याचं नाव काही घेतलं नाही. मग मी लिहून दिलं, 'आणि आणखी एक हमाल'. वाक्याला वजन आलं, असंही वाटलं.

तो उन्हाळा सारखा आठवतो. मी कॉलेजातून सुट्टीला आलोय, तुम्ही मला पाटा पोचवायला धाडलंय. परत आल्यावर विचारता, कुणाला दिलास? मी म्हणतो, तिथल्या एका बाईला. तुम्ही हातातली टाकी-हातोडी खाली ठेवता.

"एक बाई म्हणजे कोण? जा, नाव विचारून ये."

तापलेल्या वाळूतून मी पुन्हा नदीपल्याड जातो, मनात तुम्हाला अडाणी म्हणत.

अनावरणाला ती बायको आली. दगडावरून हात फिरवत म्हणाली, "मन्हा मालकनं नाव कोठे शे, भाऊ?" मी माइकवरूनच तिला म्हटलं, तुम्हीच सांगा. तिने मान खाली घातली. लोक हसले. मग मी नवऱ्याचं नाव न घेण्याच्या रूढीवर बोललो, अर्धा तास, आणि चांगलं बोललो. विचारलं त्या प्रत्येकाला नंतर सांगितलं, काय करणार, बाई गप्पच राहिली.

ती गप्प नव्हती, आबा. व्यासपीठाला हात लावून ती दोनदा म्हणाली, "मन्ही सासूले इचारा, भाऊ." म्हातारी चार पावलांवर, मंडपाच्या खांबाला टेकून बसली होती. मला ऐकू आलं होतं. भाषण रंगात होतं, मी थांबलो नाही.

तुम्ही तर कधीच गेलात, हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, आणि आळीत नेऊन वाचायची हिंमत अजून झालेली नाही. कागद खिशातच आहे. तरी लिहून ठेवतो. आळीतल्या भावांनो, येत्या रविवारी सकाळी तुमच्यातल्या एकाने टाकी-हातोडी घेऊन जळगावला स्टेशनसमोर या. म्हातारीला मी घेऊन येतो. नाव तिच्या तोंडून ऐका, माझ्या नको, आणि कोरा.