साका खाली बसेपर्यंत

प्रिय दादा,

काल तुझं पहिलं पितर घातलं. वहिनी आत्ता शेलार गावातल्या आपल्या घराच्या ओटीवर निजली आहे, आणि मला तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. अरे, तुझ्या बिअरपायी काल अख्खं घर उपाशी बसलं होतं!

लोक आखातातून सोनं आणतात, टेपरेकॉर्डर आणतात. तू बिअर करायची विद्या घेऊन आलास. कामतघरच्या चाळीत जव भिजवून मोड काढायचास, गच्चीवर वाळवायचास. कडूपणाला काडेचिराईत, फसफसायला बेकरीतलं यीस्ट. बाटल्यांची बुचं तुझ्या कारखान्यातल्या लूमच्या सुतानं करकचून बांधायचास. चाळीत कुणी विचारलं तर म्हणायचास, काढा आहे. कुणाला पटायचं रे ते?

आणि ओतायचा तो थाट! बाटलीला कुणी हात लावायचा नाही. "साका उठंल!" म्हणून खेकसायचास. तळाचा तो पांढरट थर जराही न हलवता, बाटली तिरपी धरून एका दमात ओतायचास. उरलेलं माझ्या हातात द्यायचास. "सुमे, हे तुझ्या वड्यांच्या पिठाला." त्यातल्या यीस्टनं पीठ रात्रीत फुगायचं. मला वाटतं, बिअरपेक्षा तुला ते वडेच जास्त आवडायचे.

छातीत दुखतंय हे मात्र कुणाला सांगितलं नाहीस. शिफ्ट संपवून डॉक्टरकडे जातो म्हणालास, आणि लूमपाशीच कोसळलास. बाटल्यांना तान्ह्या पोरासारखं जपणाऱ्या तुला स्वतःला जपता आलं नाही? मला अजून राग येतो तुझा. रडू येतं ते वेगळंच.

तुझ्या हातची एकच बाटली उरली होती. वहिनीनं ती माठामागे उभी ठेवली होती. काल रिक्षातून मांडीवर धरून आणली. तुझं पान वाढलं, तेव्हा तिनं तळाचा थर पाहिला, आणि खोकल्याचं औषध हलवतात तशी बाटली खळाखळा हलवली!

"समदा कस खाली बसलाय," म्हणाली. "त्यांना काय नुसतं पानी द्यायचं?"

मी ओरडलेच. सूत सोडायच्या आत तिचा हात धरला म्हणून बरं, नाहीतर निम्मी छपराला लागली असती.

बाटलीत नुसता चिखल दिसत होता. काका म्हणाले, "ठेव तशीच. गेलेल्या मानसाला काय गढूळ नि काय निवळ? पोरं भुकेली हायत."

"न्हाय ठेवायची," मी म्हटलं. "त्यानं जन्मात कुनाला गढूळ दिली न्हाय."

काकांचा आवाज चढला, माझाही चढला. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "ते तरी जेवायला कदी येळेवर आलं होतं? थांबा जरा." आणि पदर तोंडाला लावून तिथंच बसली. मग काकांनीच बादलीत गार पाणी आणलं.

बाटली त्यात उभी केली. पोरांना चहा-बटर दिलं. ओटीवरचं ऊन अंगणात गेलं, अंगणातलं कुंपणावर गेलं. कितीदा वाकून पाहिलं असेल मी! शेवटी वरचा ग्लासभर भाग निवळला. तुझ्यासारखीच तिरपी धरली, एका दमात ओतली. साका उठला नाही रे, दादा! ग्लास तुझ्या पानाशी ठेवला, मग सगळे जेवायला बसलो.

उरलेलं मी सवयीनं पिठात घातलं. इतके महिने कोंडलेलं ते यीस्ट मेलंच असेल असं वाटत होतं. आज सकाळी झाकण काढलं, तर पीठ टोपाच्या काठाला आलेलं! मी चुलीपुढेच हमसून रडले. वहिनी धावत आली. तिनं पिठात बोट दाबलं, दबलेलं पीठ हळूच वर आलं.

"जितं हाय गो," ती म्हणाली.

वडे तळायच्या आधी त्यातला एक गोळा बाजूला काढला आहे. अर्धा वहिनीबरोबर कामतघरला जाईल, अर्धा इथे राहील. दर खेपेला थोडा राखून त्यातच पुढचं पीठ भिजवू. तुला आम्ही राखू शकलो नाही, दादा. हा गोळा मात्र माझ्या हातून मरायचा नाही.

तुझी,
सुमी