पिशवीतली पँट

तीर्थस्वरूप ताईंना सादर नमस्कार.

तुमचा खोकला आता कसा आहे? औषध वेळेवर घेता ना? इकडे तुमचे भाऊ मजेत आहेत, आणि मी त्यांच्याकडे बघून जीव मुठीत धरून आहे. रेल्वे संपते तिथे आमची गल्ली सुरू होते आणि गल्ली संपते तिथे समुद्र. त्यापुढे माणसाला अडवणारं काहीच नाही, हीच माझी काळजी. हृदयाच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं, रोज थोडं पोहा. (लहानपणी त्यांना विहिरीत ढकलून पोहायला शिकवलंत तुम्ही, म्हणून हे गाऱ्हाणं तुमच्याकडेच.)

रविवारी काय झालं ते सांगते. इथे अशी पद्धत आहे, की पोहणाऱ्यांनी कपडे जीवरक्षकाच्या मचाणाखाली ठेवायचे. कपडे तिथे आहेत तोवर माणूस पाण्यात. ओहोटीच्या आधी तो शिट्टी वाजवतो आणि एकही कपडा उरला नाही की खाली उतरतो. मला हे कोण सांगणार? यांची पँट वाळूत चुरगळलेली बघवेना, म्हणून झटकली, घडी घातली आणि शर्टासकट पिशवीत टाकली. (माझ्या घरात पँट जमिनीवर पडत नाही, हे तुम्ही जाणताच.) तेवढ्यात गाडी आली, शंभरेक माणसं पाण्यात उतरली आणि त्या डोक्यांत यांचं टक्कल हरवलं. ताई, लांबून सगळी टकलं सारखीच दिसतात हो. एका टकलावर मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं, तर शिट्टी झाल्यावर त्याच्याखाली भरघोस मिशा निघाल्या!

मचाणाकडे धावले. जीवरक्षक खाली बसून जेवणाचा डबा उघडत होता.

"आमचे हे आत आहेत अजून!"

"मावशी, खाली एक कपडा नाही. सगळे आले."

"त्यांचे कपडे माझ्याकडे आहेत."

"मग आलेच की!"

"अहो, नुसते कपडे आलेत!"

डबा तसाच टाकून तो पाण्याकडे पळाला. मी पिशवी पोटाशी धरून उभी राहिले. उन्हानं ती कोमट झाली होती. तेव्हा मनात काय काय आलं ते लिहीत नाही.

आणि हे आले कुठून, तर पाठीमागून, स्टेशनच्या दिशेनं! पाण्याच्या ओढीनं त्यांना पार पलीकडच्या खडकांपाशी नेऊन सोडलं होतं. तिथून ओल्या चड्डीवर, अख्खा भाजीबाजार ओलांडून चालत आले. मला रडूच फुटलं. तर म्हणाले, "रडतेस काय? आधी पँट दे."

घरातल्या लहानथोरांची विचारपूस करते.

तुमची भावजय

ता. क. डोळ्यांत वाळू गेली होती, असं मी त्यांना सांगितलंय. तुम्हीही तसंच म्हणा.

ता. क. मुख्य राहिलंच. ते तुमचं ऐकतात. समुद्र सोड, असं त्यांना खडसावून लिहाल का? माझं नाव न घेता.

ता. क. वरचं लिहू नका. आज डॉक्टरांनी तपासलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा हसले. त्यापेक्षा तुमच्या जावयांच्या खेळाच्या सामानाच्या दुकानातून पोहण्याची भडक केशरी टोपी पाठवा. दोन पाठवा. मी घोट्याच्या पुढे पाण्यात जायची नाही, पण आतून त्यांनाही मी सापडायला हवी.