राष्ट्रहितासाठी आवश्यक माणूस

६ जानेवारी
प्राध्यापक लिंडक्विस्टनी केबिनमध्ये बोलावलं. येत्या डिसेंबरनंतर विद्यापीठाकडे माझ्यासाठी पैसे नाहीत, आणि ग्रीन कार्डाचा अर्जही ते करणार नाहीत. मी म्हणालो, गरज नाही. नोकरी देणाऱ्या मालकाविना अर्ज करायची सोय कायद्यात आहे. आपलं काम देशाच्या हिताचं आहे एवढं सिद्ध केलं की झालं. ते 'छान, छान' म्हणत कॉफी घ्यायला गेले. जरा हबकलेले वाटले.
संकल्प: महिनाभरात अर्ज.

९ जानेवारी, सकाळी सहा
गाडी सुरू होईना. चालत प्रयोगशाळेत गेलो. वाटेत मुद्दे जुळवले. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने या देशातले पूल गंजतात. त्यावर पाच वर्षं राबतोय कोण? मी. घानातल्या केटाच्या किनाऱ्यावर वाढलेला, तिसाव्या वर्षापर्यंत बर्फ फक्त ग्लासात पाहिलेला. राष्ट्रहित आणखी वेगळं काय असतं?

२ फेब्रुवारी
वकीलबाईंशी फोनवर वीस मिनिटं. माझ्या लेखांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केलाय, असं विचारलं. अकरा, म्हणालो. त्यातले माझेच किती, हेही विचारलं. गरज नव्हती. सात. केस 'आव्हानात्मक' आहे म्हणाल्या. अशी केस त्यांच्याकडे क्वचितच येत असणार. वकील न घेता स्वतःच करायचं ठरवलं.

२० फेब्रुवारी
लिंडक्विस्ट म्हणाले, "शिफारसपत्र तूच लिही, मी सही करतो." लिहायला बसलो तर नऊ दिवस थांबताच येईना. काल जिफाला वाचायला दिलं. बायकोचं मत घ्यावं. तिने शेवटपर्यंत वाचून विचारलं, "कोण रे हा? भेटला तर सांग त्याला, दोन आठवडे कचरा बाहेर गेलेला नाही."
तिची नर्सिंगची परीक्षा पुढच्या वर्षी. माझा व्हिसा गेला की तिचाही जातो. म्हणून चिडचिड.

५ मार्च
उरलेल्या चार उल्लेखांपैकी एक फिनलंडच्या प्राध्यापकांचा. त्यांच्याकडे पत्र मागितलं होतं. उत्तर आलं. सभ्य माणूस. लिहितात, तुमचे निष्कर्ष चूक आहेत हे दाखवायलाच तुमच्या लेखाचा उल्लेख केला होता. पण तुमच्या चुकीमुळे आमचं एक वर्ष वाचलं, असं आनंदाने लिहून देईन.
पहिलं अर्धं वाक्य गाळता येईल का, विचारलंय.

२८ मार्च
अर्ज गेला. चारशे बारा पानं. पोस्टातल्या बाईने विचारलं, आत काही नाजूक, द्रव किंवा धोकादायक? नाही म्हणालो.
संकल्प: रोज स्टेटस बघायचं नाही.

३ एप्रिल
नऊ वेळा बघितलं. 'अर्ज मिळाला.'

१८ जून
सरकारचं पत्र. आणखी पुरावा हवा. तुमच्या कामाचा प्रयोगशाळेबाहेर कुणाला उपयोग झाला? प्रश्न वरवर साधा आहे. दिवसभर आडवा पडून होतो.

२५ जून
जिल्ह्याच्या रस्ते विभागात गेलो. तिथल्या प्रमुख डार्ला, साठीच्या, बर्फ हटवायच्या नांगरगाडीखालून बाहेर आल्या. माझा लेख वाचलाय का, विचारलं. नाही. त्यांचे ड्रायव्हर मीठ अंदाजानेच टाकतात. मग म्हणाल्या, "पूल तपासायला माणूस नाही रे आमच्याकडे, दोन वर्षं झाली. तू येतोस का? ग्रीन कार्डाचे कागद आम्ही करू."
मी नम्रपणे समजावलं की माझा अर्ज मालकाविना आहे. मध्येच मालक आणला तर त्यातलं तत्त्वच जातं. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. प्रभावित झाल्या असाव्यात.
जिफाला सांगितलं. ती जेवली नाही. उकाडा फार आहे.

१० जुलै
सरकारला उत्तर पाठवलं. एकोणनव्वद पानं. उपयोग झालेल्यांच्या यादीत 'भावी पिढ्या' घातल्या.

१ ऑक्टोबर
नकार. पण काम गुणवत्तेचं आहे, असं पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट म्हटलंय. तो जिफाला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, पुढचं वाच. पुढचं मनात वाचलं.
मग म्हणाली, "सेलोर्म, या देशाला तू नकोयस असं नाही. त्याला तू माहीतच नाहीस. त्या रस्ते विभागातल्या बाईंना निदान माहीत आहेस."

१४ ऑक्टोबर
डार्लांकडे गेलो. बोलायचं बरंच ठरवलं होतं. सुरुवात केली, त्यांनी हात वर करून थांबवलं. जागा रिकामीच आहे. कागद करण्याआधी जाहिरात द्यावी लागेल, या जागेसाठी कुणी अमेरिकन मिळत नाही हे दाखवायला. ते अवघड नाही म्हणाल्या, ही नोकरी कुणालाच नकोय.
डॉक्टरेट कशात, विचारलं नाही. एवढंच विचारलं, "शिडीवर चढता येतं ना?"
येतं, म्हणालो.
घरी येऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर उभा राहून पाहिलं. जिफाने खुर्ची धरली.