आवाज येईपर्यंत

१२ ऑक्टोबर, चाकूर
काल लातूरहून आले. घशातली गाठ काढली. साधी निघाली, काळजीचं नाही. पण डॉक्टर म्हणाले, "बाई, महिनाभर तोंडातून शब्द नको. कुजबुजसुद्धा नको." तिसरीच्या वर्गापुढं इतकी वर्षं घसा फोडणाऱ्या बाईला! ह्यांना हसू आलं, मग लगेच तोंड फिरवलं. आता बोलायचं ते इथंच.

१५ ऑक्टो.
ह्यांच्याशी पाटीवर लिहून बोलते. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, वाचता येत नाही. त्यांच्याशी खुणा. मीठ हवं होतं, चिमटी करून दाखवली. त्यांनी तपकिरीची डबी पुढं केली! दोघी हसलो. माझं हसणं बिनआवाजाचं.

२ नोव्हेंबर
श्रावणात पाऊस गेला तो गेलाच. विहिरीत खाली नुसता चिखल. टँकरच्या रांगेत दोघीजणी मधे घुसल्या, मला काही म्हणता येईना. रिकामी घागर घेऊन घरी. संध्याकाळी दुसरा टँकर आला तेव्हा आत्याबाई स्वतः गेल्या. "माझ्या सुनंचा गळा बसलाय, नंबर न्हाई बसला!" रांगेनं वाट दिली, घागर भरून आली.

१४ नोव्हें.
लातूर. डॉक्टर म्हणाले, "आ म्हणा." तोंड उघडलं. वारा. नुसता वारा. "येईल, हळू येईल." किती हळू, ते सांगत नाहीत. रोज ओठ मिटून गुणगुणायचं, आणि पपईच्या देठाची नळी पेल्यातल्या पाण्यात धरून तिच्यातून "ऊ" म्हणत फुंकायचं. लातूर जिल्हा झाल्याच्या कमानी स्टँडजवळ अजून उभ्या, पताकांच्या चिंध्या झाल्यात. बसमध्ये खिडकीकडं तोंड करून रडले. रडायलाही आवाज नाही.

२० नोव्हें.
बुडबुडे. बाकी काही नाही.
आत्याबाई : "दुष्काळात पाण्याचे खेळ लावलीस का?"
नंतर तेच पाणी त्यांनी दारातल्या बेलाला घातलं. सकाळी बघते तर पेला भरून ठेवलेला.

९ डिसेंबर, नायगाव
माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या नातवाचं बारसं. आमच्या घरात पाळणा मी म्हणते, लग्नाआधीपासून. आज टाळ्या वाजवत बसले. अक्काच्या जावेनं म्हटला. बेसूर. राग आला. बाळ मात्र झोपलं! चुलीपाशी अक्का म्हणाली, "तू गप बसलीस तर आमी बाया किती बोलून राहिलो बघ. एरवी तुझंच ऐकत असतोत." बरं वाटलं की वाईट, अजून ठरत नाही.

२९ डिसें.
आज गुणगुणताना काहीतरी लागलं. छातीत घुमलं. धावत ओसरीवर. आत्याबाई ज्वारी पाखडत होत्या, त्यांचा हात ओढून माझ्या गळ्यावर ठेवला. "हाव गं! घुमून राहिलंय!" त्यांच्या डोळ्यांत पाणी. दुपारी पुन्हा गेलं. पण होतं. दोघींनी ऐकलं.

११ जानेवारी
काल दोन शब्द नीट आले. आज एकही नाही. पेला भिरकावला. आत्याबाईंनी सांडलेल्या पाण्याकडं पाहिलं. फडक्यानं टिपून बेलाशी पिळलं.

३ फेब्रुवारी
हेडमास्तर घरी आले. नव्या जिल्हा परिषदेत, लातूरला, टेबलाचं काम आहे. "बोलायचं काम नाही बाई. पगार हाच. वर्गाला तुमचा आवाज पुरणार नाही आता, उगं कशाला..." चांगल्या मनानं म्हणाले. चार दिवसांत सांगायचंय. एकदा गेलं की वर्ग परत नाही. हे म्हणतात, "जा. जिवाला आराम." त्यांचंही चूक नाही.

५ फेब्रु.
डॉक्टर : "पूर्वीसारखा होईल असं मी म्हणत नाही. आहे त्यापेक्षा वाढेल. घाई केलीत तर हाही जाईल." मी विचारलं, घोगऱ्या आवाजात, "शिकवू?" ते म्हणाले, "शिकवा. ओरडू नका."
ओरडल्याशिवाय शिकवायचं कसं, ते मला कुठं येतंय.

६ फेब्रु.
आत्याबाई भाकरी थापत होत्या. मी विचारलं, "लातूर? का शाळा?" त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं. पर तू गेलीस तर मी कुणाशी बोलू? लई सवय झाली बाई, तू ऐकतीस." तव्यावरची भाकर करपली. करपलेली मीच खाल्ली.

७ फेब्रु.
हेडमास्तरांना सांगून आले. "वर्ग." एवढंच. त्यांनी हजेरीपट माझ्यापुढं सरकवला. मग, "बरं. रोज पहिला अर्धा तास. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत बघू. नाही जमलं तर..."

१५ फेब्रु.
वर्ग. हजेरी सुरू केली, एकेक नाव सावकाश. पोरांना हा आवाज माझा वाटेना, एकमेकांकडं बघायला लागली. निम्म्यावर आवाज फाटला आणि गेला. हेडमास्तर दारातच होते. "राहिलेली मी घेतो बाई." मी हात वर केला : थांबा. पोरं थांबली. बाहेर टँकर आला, गलका झाला, एकही उठलं नाही. पाणी प्याले. ओठ मिटून "म्म". काही नाही. पुन्हा "म्म". मग पुढचं नाव घेतलं. खरखरीत निघालं, पण मागच्या बाकावरून उत्तर आलं, "हजर."