बायांच्या बाभळीत आखलेल्या घरांबाबत हरकत

प्रति,
मा. नगररचना अधिकारी साहेब,
नगरपालिका कचेरी, बोरथडी,
तालुका नंदुरबार, जिल्हा धुळे.

विषय : गावाच्या उगवतीची बाभळीची जागा घरांच्या पट्ट्यातून काढणेबाबत.
संदर्भ : कचेरीच्या दारावर चिकटवलेला नकाशा व नोटीस (अर्जदाराने स्वतः बोट फिरवून वाचली).

महोदय,

अर्जदार रेवाबाई पितांबर पाटील, राहणार बोरथडी, धंदा शेती, शिक्षण दुसरी बुक, सादर करते की, अमुक इतकी नवी घरे झालीच पाहिजेत असा सरकारचा हुकूम आला आणि आपण मोकळी जागा शोधत फिरलात. आपल्याला उगवतीची बाभळ सापडली. नकाशात तिच्यावर 'रिकामी जागा' असे लिहून तांबडा रंग फासला आहे. साहेब, तिथे गावच्या सगळ्या बाया पहाटे आणि दिवेलागणीला परसाकडे जातात. अर्जदाराची सासूही तिथेच जात असे. त्या वेळेला गावचा पुरुष त्या वाटेने जात नाही, तिकडे मान वळवत नाही, आणि त्या जागेचे नावही तोंडातून काढत नाही.

इथेच घात झाला. मोजणीवाल्याने "तिकडे काय आहे?" असे विचारले, तेव्हा सोबतचे सगळे मोठे पुरुष आपापल्या धोतराच्या सोग्याकडे पाहू लागले. शेवटी मेंबर दोधू पाटील म्हणाला, "तठे काहीच नही शे, साहेब." हा दोधू अर्जदाराचा थोरला मुलगा आहे, हे लिहिताना अर्जदाराला किळस येते. घरी आल्यावर तिने त्याला विचारले, "मंग मी रोज पहाटे कोठे जास रे, मेल्या?"

पुढे आपल्या माणसांनी दोरी सरळ धरता यावी म्हणून बाभळी तोडल्या आणि खुंट्या ठोकल्या. आडोसा गेला. आता बाया मोठ्या सडकेच्या कडेला जातात. लॉरीचा उजेड आला की उभे राहायचे, लॉरी गेली की बसायचे. म्हातारी छबूबाईसुद्धा उठबस करते, जणू लॉरीवाल्यांना मान देते. थू असल्या जिण्यावर! अर्जदाराची सून मीनाबाई हिला सातवा महिना आहे. सडकेकडे जाताना ती अंधारात आपल्या माणसांनी ठोकलेल्या खुंटीला अडखळून पडली. देवाच्या दयेने पोटाला लागले नाही. पण तेव्हापासून रात्री जावे लागू नये म्हणून ती संध्याकाळी जेवत नाही, पाणीही पीत नाही. पोटातल्या जिवाला उपाशी ठेवून कसली घरे बांधता?

बरे, त्या घरांचाही नकाशा अर्जदाराने पाहिला. देवाला कोनाडा आहे, सायकलला ओटा आहे. संडास 'पुढील टप्प्यात' आहे. म्हणजे त्या घरांतल्या बायांनीही बाभळीतच जायचे, आणि बाभळीत तर त्यांचीच घरे! असा विचार ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याच्या ताटात अर्जदार भाकर वाढणार नाही. आपले कारकून म्हणाले, "बायांनी आपली सोय बघावी." ती बघितली आहे.

सबब विनंती की, घरे मावळतीच्या माळावर न्यावीत. तिथे खरोखरच काही नाही. अर्जदाराने दिवसाढवळ्या फिरून पाहिले आहे. बाभळीच्या जागेला काट्यांचे दाट कुंपण करून द्यावे. तोवर गावात चारी बाजूंनी भिंत असलेली एकच मोकळी जागा उरते, ती आपल्या कचेरीमागचे आवार. येत्या सोमवारपासून बाया पहाटे तिथे येतील. पहारेकऱ्याने गावच्या रीतीप्रमाणे तोंड फिरवून उभे राहावे. वरच्या साहेबांनी विचारलेच की कचेरीमागे काय आहे, तर आपण काळजी करू नये. आमचे पुरुष सांगतील, काहीच नाही.

सोमवारपर्यंत उत्तराची वाट पाहणारी,

रेवाबाई पितांबर पाटील
(सही स्वतःच्या हातची, अंगठा नाही)
बोरथडी, तारीख १९ डिसेंबर १९६३

सोबत : मीनाबाई जिला अडखळून पडली ती खुंटी, एक.