दुकानातला गेम आणि घरातली कॅसेट

अण्णा, परवा तुमच्या पणतूनं मला एक यादी दाखवली. सुट्टीला आलाय, सोबत टीव्हीला जोडायचा एक डबा घेऊन. त्या डब्यात मारामारीचा एकच गेम पाच-सहा रूपांत भरलाय. दुकानातल्या मोठ्या मशीनवरचा, मग त्याचाच सुधारलेला, मग घरच्या टीव्हीसाठी कापून बसवलेला, मग तळहाताएवढ्या पडद्यावरचा. "आजोबा, कुठला लावू?" म्हणाला. मी नुसता चष्मा पुसत बसलो. एकाच कवितेचे इतके पाठभेद एका पानावर मांडलेले मी आयुष्यात पाहिले नव्हते, आणि पाठभेद म्हटलं की तुम्ही आठवणारच. आठवलात. बरं वाटलं असं मात्र म्हणणार नाही.

तुम्ही माझ्या व्हिडिओ गेमच्या दुकानात कधी पाऊल टाकलं नाहीत, म्हणून सांगतो आत काय होतं ते. लोहाऱ्याच्या स्टँडसमोर, चहाच्या टपरीला लागून दहा बाय दहाची खोली. सोलापूरहून जुनं मशीन गोधडीत गुंडाळून टेम्पोतनं आणलेलं, माझ्या खांद्याएवढं उंच, लाकडी. सुरू केलं की आतून एक खर्जातला आवाज पैलवानाचं नाव पुकारायचा, अन् टपरीवरची माणसं बशी खाली ठेवायची. पडद्यावर पैलवानांच्या मागं देवळाचं आवार, त्यात उभे बघे, ठोसा लागला की तेही हात वर करायचे. लाल थेंब उडायचे. दांडी खाली, मग पुढं, मग बटण. यमक जसं नेमक्या जागी येऊन बसतं तसा तो ठोसा बसायचा. आणि दुपारी दुकान रिकामं असलं की मशीन एकटंच खेळायचं. दोन पैलवान, कुणाचाही हात नसताना, आपापले लढायचे. मी स्टुलावर बसून ते बघायचो. असं तंद्रीत बघत बसायला मला तुमच्याच वर्गानं शिकवलं होतं.

व्हय, तुमच्याच. पुस्तकात कविता छाटून यायची. जागा पुरत नाही, लेकरांना झेपत नाही, काहीतरी कारण. तुम्ही धडा संपला की म्हणायचात, "वही उलटी करा." मग मागच्या पानावर गाळलेली कडवी सांगायचात, चालीत, डोळे मिटून. "परीक्षेला येणार नाहीत. पण कडवं गाळलं की कविता लंगडते, लक्षात ठेवा." बाकीची पोरं कंटाळायची. मी मागच्या पानांसाठीच शाळेत यायचो. घरात तुम्ही माझे वडील होतात की नाही, ते मला नीट सांगता येत नाही. पण त्या मागच्या पानावर होतात.

म्हणून त्या दिवसाचं मला अजून पचत नाही. मधली सुट्टी संपून गेलीय, दुकानात आठ-दहा पोरं, मी मशीनच्या पोटात डोकं घालून आतला ढिला नट आवळतोय. दोघं खेळतायत, बाकीचे ओरडतायत. "दाबून ठिव की रं!" "अरं हाण, लई भ्यालंय ते!" आणि दारातून तुमचा आवाज येतो, अगदी वर्गातला. "सात?"

"हजर, गुरुजी!" दांडीवरचा हात न काढता पोरगं बोलून गेलं. सवय ती.

"अकरा?"

"ह... हजर."

तुम्ही उंबऱ्याबाहेर उभे, हातात हजेरीपट. एकेक नंबर घेताय, एकेक पोरगं खाली मान घालून बाहेर पडतंय. टपरीवाला हसून म्हणाला, "गुरुजी, आता शाळाच इथं भरवा की." तुम्ही म्हणालात, "भरवली असती, पण इथला फळा स्वतःच बडबडतो." सगळं स्टँड हसलं. मग तुम्ही माझ्याकडं वळलात. मी हातात पाना घेऊन उभा, बत्तीस वर्षांचा बाप्या. "आणि आपण कोणत्या इयत्तेत, दुकानदार?"

आपण. दुकानदार. घरात मला अरे-तुरे करणारे तुम्ही! मशीनमधनं त्या खर्जातल्या आवाजानं खेळ संपल्याचं सांगितलं, त्यावर टपरी पुन्हा हसली.

त्यानंतर पोरं आली नाहीत. कुणाचा बाप येऊ देईल? गुरुजींनीच आपल्या पोराच्या दुकानात हजेरी घेतली, ही गोष्ट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वाशीपर्यंत पोचली. पोरांना हाकललंत याचा राग न्हाय, शाळेच्या वेळेत मीच त्यांना आत घ्यायला नको होतं. एवढं घरात, जेवताना, मला सांगता आलं असतं. तुम्ही बघे जमवलेत. मशीन पुन्हा गोधडीत गुंडाळून गेलं, आणि मी जळालेल्या पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायला बसलो. त्या लाइनला तुम्ही मला आधीच लावून टाकलं होतं. धाकट्या बहिणीला बघायला तामलवाडीची माणसं आली, तेव्हा दुकान ऐन भरात चाललेलं, आणि तुम्ही त्यांना म्हणालात, "मुलगा इलेक्ट्रिकल लाइनला आहे." मी पोह्यांच्या बशा घेऊन दारातच उभा होतो.

पुढं तुम्ही रिटायर झालात, पाय सुजायला लागले, खुर्ची टीव्हीसमोर आली. माझ्या पोरानं हट्टानं तो गेम घरी आणलेला, पिवळ्या कॅसेटचा. वर चाळीस पैलवान छापलेले, आत चारच, रंग बदलून बदलून. खर्जातला आवाज नाही. देवळातले बघे नाहीत. तुम्ही बराच वेळ बघून विचारलंत, "हाच का रे तो?" अण्णा, तेवढ्या एका प्रश्नानं मी खुळा झालो. जमिनीवर मांडी घालून तुम्हाला सगळं सांगत बसलो, दुकानातल्यात काय होतं आणि यात काय गाळलंय. तुम्ही ऐकत होतात. मला वाटलं, आता म्हणणार, वही उलटी कर.

"आणि रक्त?" तुम्ही विचारलंत.

"ते पण गाळलं. नुसतं पांढरं पाणी उडतं, घामासारखं."

"का?"

"घरात लेकरं खेळतात म्हणून."

"बरंच केलं," म्हणालात, आणि बातम्या लावायला सांगितल्या.

बरंच केलं. ज्या माणसानं मला एक कडवं सोडू दिलं नाही, त्याला माझी कापलेली प्रतच घरात चालत होती. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. गावानं तुमच्या चाली आठवून डोळे पुसले. मीही पुसले, पण ते पाणी तुमच्यासाठी होतं असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

परवा मी नातवाला म्हणालो, "दुकानातला लाव." सगळं जागच्या जागी होतं. खर्ज, देऊळ, बघे, लाल थेंब. बोटं वाकडी झालीत, तरी दांडी खाली, पुढं, बटण. समोरचा आडवा. पणतू तुमचा ओरडलाच, "आजोबा! तुम्हाला कसं काय येतं हे?"

हे सगळं एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहितोय. इथून पुढं ते कुठं जायचं नाही, परीक्षेलाही येणार नाही. म्हणून राहिलेलं तेवढं लिहून टाकतो. मी त्याला सांगितलं, स्टँडसमोर एकाचं दुकान होतं, तिथं बघितलेलं. त्यानं विचारलं, कुणाचं?

म्हणालो, असंल कुणाचं तरी. मी तर तेव्हा इलेक्ट्रिकल लाइनला होतो.